वसाहतकालीन मुंबई शहरातील हिवताप नियंत्रण आणि विहिरींचा प्रश्न (१९०८ ते १९२८)

प्रस्तावना

भारतातील वसाहतकालीन सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासलेखनात प्लेग, पटकी आणि देवी या तीन साथींना सर्वाधिक स्थान मिळालेले आहे. डेव्हिड अर्नोल्ड, मार्क हॅरिसन, आयरा क्लाइन आदी अभ्यासकांनी वसाहतवादी राज्यसंस्था आणि भारतीय समाज यांच्यातील संघर्षाचे विवेचन प्रामुख्याने या साथींच्या आधारे केले. महाराष्ट्राच्या संदर्भात तर १८९६-९७ चा प्लेग, साथरोग कायदा आणि पुण्यातील रँडवधाचे प्रकरण यांनी हा विषय जवळजवळ व्यापून टाकला आहे. त्या मानाने हिवताप हा रोग दुर्लक्षित राहिला. हिवतापाचे अभ्यास झाले तेही मुख्यतः बंगाल आणि पंजाब या प्रांतांसंबंधी. प्लेगप्रमाणे हिवताप एकाएकी येऊन शहर रिकामे करीत नाही. तो दरवर्षी पावसाळ्यानंतर येतो, माणसाला अशक्त करतो, त्याची मजुरी बुडवितो आणि मृत्यूच्या नोंदवहीत ‘ताप’ या एका मोघम रकान्यात लपून राहतो.

प्रस्तुत शोधनिबंधात १९०८ ते १९२८ या कालखंडातील मुंबई शहराच्या हिवताप नियंत्रणाचा, विशेषतः विहिरी बंद करण्याच्या मोहिमेचा, अभ्यास करण्याचा प्रयत्न केला आहे. या मोहिमेचे शास्त्रीय अधिष्ठान कोणते होते, तिला कोणत्या स्वरूपाचा विरोध झाला, प्रशासनाने त्या विरोधाशी कशी तडजोड केली आणि रोगाची जबाबदारी अखेर समाजातील कोणत्या घटकांवर टाकली गेली, हे चार प्रश्न या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत.

हिवतापविषयक ज्ञानातील परिवर्तन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हिवतापाचे कारण दलदलीतून निघणारी दूषित हवा हे होय, असे मानले जात होते. मुंबई बेटावरील रोगटपणाची मीमांसाही याच दृष्टीने केली जाई. सतराव्या शतकात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी नारळाच्या वाड्यांत घातल्या जाणाऱ्या कुजक्या मासळीच्या खताला दोष दिला होता. भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाजणांना दोष देणारा विचार त्याहून दीर्घकाळ टिकला. हॉर्नबी वेलार्डसारखे बांध आणि त्यानंतरची भरावाची कामे यांच्या समर्थनार्थ आरोग्याचे कारण वारंवार पुढे केले जात असे.

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवीची अवस्था आढळली. १८९८ मध्ये कलकत्ता येथे पक्ष्यांमधील हिवतापावर प्रयोग करून त्यांनी डासामार्फत होणाऱ्या प्रसाराचे संपूर्ण चक्र सिद्ध केले. १९०२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. रोगाचा वाहक सापडला म्हणजे वाहकाचा नाश करून रोगही नाहीसा करता येईल, असा आत्मविश्वास यातून निर्माण झाला. परंतु लाहोरजवळील मियाँ मीर छावणीत १९०१ नंतर काही वर्षे चाललेल्या डासनिर्मूलनाच्या प्रयोगाने या आत्मविश्वासाला धक्का दिला. कालव्यांच्या पाण्याने वेढलेल्या त्या छावणीत डबकी बुजवूनही हिवताप हटला नाही. प्रयोग अपुऱ्या खर्चात उरकण्यात आला, असे रॉस यांचे म्हणणे होते. भारत सरकारच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मात्र डासनिर्मूलन भारतात व्यवहार्य नाही असा निष्कर्ष काढला. १९०९ च्या ऑक्टोबर महिन्यात सिमला येथे भरलेल्या हिवताप परिषदेवर या वादाची छाया होती. ग्रामीण भागासाठी क्विनीनचे, म्हणजे कोयनेलचे, वाटप हाच स्वस्त आणि सोयीचा मार्ग म्हणून पुढे आला. टपाल कचेऱ्यांतून एका पैशाला कोयनेलची पुडी विकण्याची पद्धत बंगालमध्ये १८९२ पासूनच सुरू झालेली होती.

या पार्श्वभूमीवर मुंबई शहराचे उदाहरण वेगळे ठरते. येथे कोयनेलऐवजी डासांच्या उत्पत्तिस्थानांवर थेट हल्ला करण्याचे धोरण स्वीकारले गेले. त्याचे कारण एका विशिष्ट डासाच्या सवयींमध्ये होते.

‘स्टीफेन्सी’ डास आणि स्वच्छ पाण्याचा विरोधाभास

मुंबईतील हिवतापाचा प्रमुख वाहक असलेल्या ‘ॲनॉफिलीस स्टीफेन्सी’ या डासाचा इतिहास महाराष्ट्राशी निगडित आहे. भारतीय वैद्यकीय सेवेतील डब्ल्यू. जी. लिस्टन यांनी १९०१ मध्ये वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथील निरीक्षणांच्या आधारे या जातीचे प्रथम वर्णन केले. याच लिस्टन यांनी पुढे परळ येथील प्रयोगशाळेत काम करताना उंदरावरील पिसू आणि प्लेग यांच्या संबंधावर महत्त्वाचे संशोधन केले.

बहुतेक ॲनॉफिलीस जाती भातखाचरे, ओढे, कालवे आणि पाणथळ जमिनी यांत वाढतात. स्टीफेन्सी मात्र माणसाने बांधलेल्या जलसाठ्यांत, म्हणजे विहिरी, हौद, कारंजी आणि गच्चीवरील टाक्या यांत वाढतो. त्याला गटारातील घाण पाणी नको असते. स्वच्छ, स्थिर आणि सावलीतील पाणी त्याला मानवते. उष्ण हवामानात अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस पुरतात.

या जीवशास्त्रीय वस्तुस्थितीचा सामाजिक अर्थ फार मोठा होता. एकोणिसाव्या शतकातील आरोग्यविषयक संपूर्ण विचार ‘घाण म्हणजे रोग’ या समीकरणावर उभा होता. प्लेगच्या काळात याच समीकरणाच्या आधारे गरिबांच्या चाळी धुतल्या गेल्या, त्यांची छपरे उघडली गेली आणि त्यांचे सामान जाळले गेले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळाने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, त्यामागेही हाच विचार होता. हिवतापाने हे समीकरण उलटे केले. येथे दोषी ठरले ते घरातील सर्वांत स्वच्छ, अनेक कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत पवित्र असलेले पाणी. शिवाय खाजगी विहीर ही झोपडीत राहणाऱ्या मजुराकडे नसते, ती घरमालकाकडे असते. त्यामुळे शहराच्या इतिहासात प्रथमच आरोग्य खात्याचे बोट गरिबाच्या खोलीऐवजी प्रतिष्ठिताच्या अंगणाकडे वळले.

गोदीचे बांधकाम आणि बेंटली यांची पाहणी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईची वाढ वेगाने होत होती. १९०१ च्या जनगणनेत ७,७६,००६ असलेली लोकसंख्या १९११ मध्ये ९,७९,४४५ झाली. या लोकसंख्येपैकी दहातील सुमारे आठ माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून येणारे मजूर गिरण्या, गोद्या आणि बांधकामे यांवर काम करीत. १९०५ मध्ये ज्याची पायाभरणी झाली त्या अलेक्झांड्रा गोदीचे काम १९१४ पर्यंत चालू होते. या कामातून निघालेल्या मातीच्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. विस्तीर्ण खोदकामात साचलेले पाणी, कामगारांच्या तात्पुरत्या वस्त्या आणि शेजारच्या कोट विभागातील जुन्या विहिरी यांचा संयोग होऊन १९०८ च्या सुमारास या भागात हिवतापाचा जोर वाढला.

या पार्श्वभूमीवर डॉ. चार्ल्स बेंटली यांच्याकडे मुंबईतील हिवतापाच्या पाहणीचे काम सोपविण्यात आले. त्यांचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. बेंटली यांची निवड लक्षणीय आहे. त्यांनी एस. आर. ख्रिस्तोफर्स यांच्यासमवेत बंगालमधील दुआर भागातील चहाच्या मळ्यांत हिवतापाचा अभ्यास केला होता. मजुरांचे मोठ्या संख्येने एकत्र येणे, त्यांची उपासमार आणि राहण्याची दुरवस्था हेच तीव्र हिवतापाचे मूळ आहे, अशी मांडणी या दोघांनी १९०९ मध्ये मुंबईतच भरलेल्या वैद्यकीय परिषदेत ‘मानवी घटक’ या संकल्पनेद्वारे केली होती. पुढे बंगालचे सार्वजनिक आरोग्य संचालक असताना १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बेंटली यांनी रेल्वेचे आणि रस्त्यांचे भराव नैसर्गिक निचरा अडवितात व त्यामुळे शेती आणि आरोग्य दोन्ही खालावतात, असा सरकारला अडचणीत आणणारा सिद्धान्त मांडला.

मुंबईच्या अहवालातून पुढे आलेला कृतिकार्यक्रम मात्र मुख्यतः पाण्याच्या साठ्यांवर केंद्रित झाला. विहिरी बुजविणे, अथवा त्या डास शिरणार नाही अशा रीतीने पूर्णपणे झाकणे, हौद व टाक्यांना घट्ट झाकणे बसविणे आणि नियमित तपासणी करणे हे त्याचे प्रमुख भाग होते. शहरी परिस्थितीत हा उपाय शास्त्रीयदृष्ट्या योग्य होता, याविषयी शंका नाही. मियाँ मीर येथे उत्पत्तिस्थाने अगणित होती, मुंबईत ती मोजता येण्याजोगी होती. परंतु मजुरांचे एकत्रीकरण, त्यांची राहण्याची व्यवस्था आणि मोठ्या सार्वजनिक कामांची जबाबदारी या बाबी, ज्यांचे महत्त्व बेंटली स्वतः जाणत होते, त्या अंमलबजावणीच्या टप्प्यावर मागे पडल्या.

विहिरी बंद करण्याची मोहीम आणि विरोधाचे स्वरूप

१८६० मध्ये विहार, १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा तलावाचे पाणी नळाने मुंबईला मिळू लागले होते. त्यामुळे विहिरी आता निरुपयोगी झाल्या आहेत, अशी आरोग्य खात्याची धारणा होती. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातील ३८१ वे कलम उपद्रवकारक डबकी व साचलेले पाणी यांसंबंधी मालकाला नोटीस देण्याचा अधिकार आयुक्तांना देत होते. नंतर समाविष्ट झालेल्या ‘३८१-अ’ या कलमाने आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय नवी विहीर, तळे वा हौद बांधण्यास मनाई केली. तत्कालीन आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांच्या खात्यामार्फत घरमालकांना नोटिसा जाऊ लागल्या.

या मोहिमेला झालेल्या विरोधाचे तीन स्तर दिसतात.

पहिला स्तर धार्मिक होता. पारशी समाजात जलतत्त्वाची अधिष्ठात्री अर्द्वी सूर अनाहिता, म्हणजे आवाँ, हिच्याविषयी पूज्यभाव आहे. धार्मिक विधींसाठी विहिरीचे पाणी आवश्यक मानले जाते व त्या पाण्याला सूर्यकिरणांचा स्पर्श झालेला असावा अशी श्रद्धा आहे. अग्यारीच्या आवारातील विहीर हा उपासनेचाच भाग होय. चर्चगेटजवळील १७२५ मधील भिखा बेहराम विहीर ही या श्रद्धेची सर्वज्ञात खूण आहे. हिंदू कुटुंबांतही पूजा, स्नान व सोवळ्यातील स्वयंपाक यांसाठी नळाच्या पाण्यापेक्षा विहिरीचे पाणी शुद्ध मानले जाई. विहिरीत वास करणारे पीर, देवता किंवा पूर्वज यांच्याविषयीच्या समजुतीही प्रचलित होत्या. विहीर बुजविल्यास घरावर अरिष्ट येईल ही भीती त्यातूनच येत असे. या समजुतींचा सर्वांत तपशीलवार संग्रह महापालिकेचे सचिव राहिलेल्या आणि पुढे आयुक्त झालेल्या रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी केला. त्यांचा ‘फोकलोअर ऑफ वेल्स’ हा ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईच्या लोकसाहित्याचा एक महत्त्वाचा ग्रंथ हिवतापविरोधी मोहिमेच्या निमित्ताने जन्माला आला, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

दुसरा स्तर आर्थिक होता. विहीर बुजविण्याचा किंवा झाकण्याचा खर्च मालकावर होता. विहीर गेल्यानंतर त्याला नळाच्या पाण्यावर आणि पाणीपट्टीवर पूर्णपणे अवलंबून राहावे लागणार होते. १८८८ च्या कायद्यानुसार महापालिकेच्या ७२ सभासदांपैकी ३६ जण करदात्यांकडून निवडले जात असत. मताधिकार कर भरण्याशी जोडलेला असल्याने घरमालक वर्गाचे सभागृहात मोठे वजन होते. ज्यांच्या विहिरींवर कारवाई करायची त्यांचेच प्रतिनिधी या कारवाईचा खर्च मंजूर करणार होते.

तिसरा स्तर व्यावहारिक होता, आणि बहुधा तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहिला. नळाचे पाणी दिवसभर येत नसे. अशा परिस्थितीत विहीर हा हमखास साठा होता. ‘नळ आला म्हणून विहीर नको’ हा युक्तिवाद अखंड पाणीपुरवठ्याच्या गृहीतावर उभा होता आणि ते गृहीत शहराच्या बहुतांश भागात खरे नव्हते.

तडजोड आणि तिचे परिणाम

प्लेगच्या काळातील सक्तीचे परिणाम सरकारच्या स्मरणात ताजे होते. हिवतापाच्या बाबतीत म्हणूनच लष्करी तपासणीपथकांचा मार्ग अवलंबिला गेला नाही. धार्मिक उपयोगाच्या विहिरींना पक्के झाकण घालून त्यात बारीक तारेच्या जाळीचा झडपेचा दरवाजा ठेवण्याची सवलत देण्यात आली. त्यातून पाणी काढता येई, जाळीतून प्रकाशही आत जाई आणि डासाला मात्र अटकाव होई. श्रद्धा आणि कीटकशास्त्र यांच्यातील वाद अशा रीतीने जाळीच्या छिद्रांच्या मापावर येऊन मिटला.

ही तडजोड वसाहतकालीन आरोग्य प्रशासनातील एक परिपक्व टप्पा म्हणून गौरविता येईल. परंतु तिच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. जाळी फाटली, दरवाजा उघडा राहिला किंवा दोर आत सोडण्यासाठी झाकणाला भोक पाडले तर आठवडाभरात विहीर पुन्हा डासांचे घर होते. म्हणजे ही व्यवस्था सतत देखरेखीची अपेक्षा करीत होती आणि देखरेखीसाठी लागणारा कायमस्वरूपी कर्मचारीवर्ग व निधी हा नेहमीच वादाचा विषय राहिला. दुसरे असे की, सवलत मागण्यासाठी अर्ज, शिष्टमंडळे आणि सभागृहातील प्रतिनिधी लागतात. सुसंघटित समाजांना ती साधने उपलब्ध होती. गोदीवरील अथवा बांधकामावरील हंगामी मजुराला, ज्याला हिवतापाचा तडाखा थेट मजुरीत बसत होता, या संपूर्ण वाटाघाटीत स्थान नव्हते. विहिरींच्या पावित्र्याची चर्चा कागदपत्रांत विपुल आहे, कामगाराच्या बुडालेल्या दिवसांची चर्चा त्या मानाने अत्यल्प आहे.

कॉव्हेल यांचा अहवाल : टाक्यांचा नवा प्रश्न

१९१९ च्या सुधारणा कायद्याने सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतिक मंत्र्यांकडे सोपविला गेला. जबाबदारी भारतीयांकडे आली, पुरेसा पैसा मात्र आला नाही. १९२७ मध्ये भारतीय हिवताप सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि तिच्यातील गॉर्डन कॉव्हेल यांनी १९२८ मध्ये मुंबईच्या हिवतापाची नव्याने पाहणी केली.

पहिल्या मोहिमेनंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटला असूनही हिवताप शहरातून गेलेला नव्हता, हे कॉव्हेल यांच्या पाहणीतून स्पष्ट झाले. विहिरींचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नव्हता आणि त्याच्या जोडीला घरांवरील टाक्या, हौद, कारंजी ही उत्पत्तिस्थाने ठळकपणे पुढे आली. यातील कार्यकारणसंबंध महत्त्वाचा आहे. विहीर बंद झाली की पाण्याची गरज नळावर येते. नळाचे पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने ते साठवावे लागते. साठवणासाठी गच्चीवर टाकी बसते. टाकीचे झाकण सैल असले की अंगणातील डास गच्चीवर जातो. अशा रीतीने रोगाचे उत्पत्तिस्थान नष्ट होण्याऐवजी काही अंशी स्थलांतरित झाले. पाणीपुरवठा हा अभियंत्याचा विषय आणि डास हा आरोग्य अधिकाऱ्याचा विषय अशी जी प्रशासकीय विभागणी होती, तिची ही किंमत होती.

यानंतर कायद्याची अंमलबजावणी, टाक्यांची रचना आणि नियमित तपासणी यांवर अधिक भर दिला गेला. त्या बळावर पुढील दशकांत मुंबईतील हिवताप मोठ्या प्रमाणात आटोक्यात आला आणि भारतातील शहरी हिवताप नियंत्रणाचे उदाहरण म्हणून मुंबईचा उल्लेख होऊ लागला. याउलट, मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागाला अशा संघटित प्रयत्नांसाठी बराच काळ वाट पाहावी लागली. इलाख्याची स्वतंत्र हिवताप संघटना १९४२ मध्ये उभी राहिली आणि कारवार व धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली डीडीटी फवारणीचा मोठा कार्यक्रम १९४६ च्या सुमारास सुरू झाला. शहराला जे १९११ मध्ये सुचविले गेले, त्याच्या तोडीचे काही खेड्याला मिळण्यास पस्तीस वर्षे लागली.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मुंबईतील हिवताप नियंत्रण हे केवळ पाश्चात्त्य विज्ञान विरुद्ध भारतीय अंधश्रद्धा असे द्वंद्व नव्हते. विहिरी बंद करण्यास झालेल्या विरोधात धर्मश्रद्धेबरोबरच मालमत्तेचे हितसंबंध आणि पाणीटंचाईचा व्यावहारिक अनुभवही होता. यातील शेवटचा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्याही ग्राह्य होता, हे टाक्यांच्या प्रश्नाने सिद्ध केले.

२. प्लेगच्या अनुभवामुळे वसाहत सरकारने सक्तीऐवजी तडजोडीचा मार्ग स्वीकारला. मात्र ही तडजोड ज्यांना प्रतिनिधित्व होते त्यांच्याशीच झाली.

३. ‘मानवी घटक’ म्हणून ज्याची शास्त्रीय मांडणी झालेली होती, तो कामगारांच्या जीवनस्थितीचा प्रश्न धोरणात उतरला नाही. गोदी बांधणाऱ्या व्यवस्थेपेक्षा विहिरीच्या मालकाला नोटीस देणे प्रशासनाला सोपे होते.

४. पाणीपुरवठा आणि रोगनियंत्रण यांचा विचार वेगवेगळा झाल्याने एका उपायातून दुसरी समस्या निर्माण झाली.

या इतिहासाचे महत्त्व केवळ भूतकाळापुरते नाही. स्वातंत्र्योत्तर काळात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम व १९७१ मध्ये शहरी हिवताप योजना सुरू झाली, तरी २०१० मध्ये मुंबईत हिवतापाने पुन्हा उग्र रूप धारण केले तेव्हा बांधकामस्थळे आणि तेथील स्थलांतरित मजूर हाच चिंतेचा विषय होता. शंभर वर्षांपूर्वीच्या अलेक्झांड्रा गोदीची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. अचलपूर येथे प्रथम वर्णिला गेलेला स्टीफेन्सी डास २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती येथे व त्यानंतर इथिओपियात आढळला आहे. तेथील शहरांपुढे आता मुंबईचाच जुना प्रश्न उभा आहे. जोपर्यंत नळाला पुरेसे पाणी येत नाही तोपर्यंत माणूस पाणी साठविणार आणि जोपर्यंत तो पाणी साठविणार तोपर्यंत केवळ झाकणाची नोटीस देऊन हिवताप जाणार नाही, हा मुंबईच्या अनुभवाचा सारांश होय.